चैत्रातले हळदीकुंकू आणि ग्रामसभा
चैत्रगौरीचे हळदीकुंकू म्हणजे आंब्याची डाळ, पन्हे अन् मनमोकळ्या गप्पा! पोशीरला यंदा मैत्रिणीकडे जमलो, तर विषय निघाला पाण्याचा. आमच्या कर्जत तालुक्यात पावसाळ्यात नदीनाले दुथडी, आणि चैत्र सरला की वाड्यावस्त्यांवर हंड्यांच्या रांगा!

"१ मेच्या ग्रामसभेत सांगा की," मी म्हटले.

"पुरुषांत कोण बोलणार, बाई?"

अहो, कायद्याने ग्रामसभेआधी फक्त बायकांची सभा घ्यावी लागते! २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागाही आपल्याच. तिथे ठराव वहीत उतरतो. ओट्यावरचे गाऱ्हाणे हवेत विरते.

पेले सारून कागद घेतला. पहिली सही मैत्रिणीच्या सासूबाईंची. मग बाकीच्याही सरसावल्या. डाळ मात्र तशीच राहिली!