आईच्या कोंबड्या आणि बावीस टक्के

जबल अलीत आमच्या गॅलरीतून दिसणारे पक्षी दोनच, पारवे आणि साळुंक्या. अंडी मिळतात ती सुपरमार्केटमध्ये, तीसच्या ट्रेमध्ये, सगळी एका मापाची. तरीही गेले पाच महिने मी कोंबडीच्या खाद्याचा जेवढा अभ्यास केला, तेवढा एम.ए.च्या शेवटच्या पेपरचाही केला नव्हता. कारण आई. आई देवरुखजवळच्या आमच्या गावी एकटी राहते, आणि तिच्याजवळ आठ कोंबड्या आहेत.

बाबा गेल्यानंतर आईला इकडे आणायचा प्रयत्न करून पाहिला. ती महिनाभर राहिली आणि म्हणाली, "काय गो, इथे सकाळी उठून करायचं काय?" तिकडे खुराड्याचं दार उघडायला तिला सहाला उठावंच लागतं. तिच्या तब्येतीची बातमी मला कोंबड्यांवरून कळते. आमच्याकडे दुपारचे साडेचार वाजले की तिकडे सहा वाजतात. त्या वेळी मी व्हिडिओ कॉल लावते आणि आई एकेक कोंबडी मोजून आत घालते.

पाच कोंबड्या गावठी आहेत. तीन 'ग्रामप्रिया', हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत परसबागेसाठी तयार झालेल्या जातीच्या. गावठी कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते, ग्रामप्रिया दीडशेच्या वर. हा फरक आईला अंड्यांच्या टोपलीत दिसला. त्या कोंबडीच्या पोटात काय जायला हवं, हे आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं. पूर्वी त्या परड्यात चरून, तांदळाची कणी आणि उरलासुरला भात खाऊन भागवत. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आई म्हणाली, "ह्यांना काहीतरी विकतचं खाद्य बघ."

मग काय, लेक परदेशात आणि हातात फोन! गोदरेज, व्यंकीज, बारामती ॲग्रो, सगळ्यांची खाद्यं पाहिली. शाळेत शिकवत असताना पोरांना गुणांवरून जोखायची सवय लागली होती, तीच इथे नडली. एका पोत्यावर प्रथिने सोळा टक्के, दुसऱ्यावर अठरा, तिसऱ्यावर बावीस. बावीसवालं सर्वांत महाग होतं. मी तेच निवडलं, पैसे पाठवले आणि चुलतभावाने मोटारसायकलवरून पन्नास किलोचं पोतं पोहोचवलं.

जुलैत आई म्हणाली, "अंडी हातात धरली की दबतात." मग बिनकवचाचं एक अंडं पडलं, नुसत्या पापुद्र्यात. ते कोंबड्यांनीच फोडून खाल्लं आणि त्यांना तीच चटक लागली. शेजारच्या गरोदर सुनेला आई रोज एक अंडं द्यायची, ते थांबलं. ऑगस्टमध्ये एके दिवशी आई शांतपणे म्हणाली, "आता झेपत नाही. दिवाळीआधी विकून टाकते सगळ्या."

मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. कोंबड्या गेल्यावर ही सकाळी कशासाठी उठणार?

त्या संध्याकाळी आईला पोत्याची शिवण कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. शिवणीत अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं: ब्रॉयलर स्टार्टर. म्हणजे मांसाच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत झपाट्याने वाढवणारं खाद्य. चूक कंपनीची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती. माझीच होती.

हिशेब साधा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी पूर्ण विकतच्या खाद्यावर असेल तर दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे मिळालं जेमतेम एक ग्रॅम. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि हाडं देईनाशी झाली की कवच पातळ होतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, म्हणजे लेअरमध्ये, प्रथिने सोळा ते अठरा टक्केच असतात. पण कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के. मी जे कमी गुणांचं म्हणून बाजूला सारलं, तेच योग्य होतं. उलट, हेच लेअर खाद्य लहान पिल्लांना घातलं तर जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. पिल्लांना स्टार्टर, दोन महिन्यांनंतर ग्रोअर आणि अंड्यावर येताना, साडेचार-पाच महिन्यांच्या सुमारास, लेअर.

पन्नास किलोचा आकारही चुकलाच होता. चरणाऱ्या आठ कोंबड्यांना प्रत्येकी साठ ग्रॅम धरले, तरी पोतं साडेतीन महिने पुरतं. कोकणातल्या पावसात मक्याला तेवढ्यात बुरशी धरते आणि त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर उठतं. सुटं खाद्य घ्यावं तर त्यावर ना तारीख, ना नाव. शेवटी आईने वाडीतल्या तिघींना गाठलं आणि एक बंद पोतं चौघींत वाटून घेतलं. आता ते फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेलं असतं.

माझा नवरा फ्री झोनमध्ये मालवाहतुकीच्या कामात आहे. तो म्हणाला, "खाद्य महाग का, ते मला विचार. मका आणि सोयापेंड, सगळा खेळ ह्या दोघांचा." खरंच आहे. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी कडाडली की भारत सरकारला बारा लाख टन आयात करायला परवानगी द्यावी लागली. लातूरच्या बाजारात सोयाबीन हललं की आईच्या खुराड्यापर्यंत हलतं!

मग ब्रँड कोणता घेतला? नाव सांगत नाही, कारण तुमच्या तालुक्यात तो ताजा मिळेलच असं नाही. तुमचेही आई-वडील गावी कोंबड्या पाळत असतील, तर त्यांना फोनवर एवढंच विचारा: पोत्यावर 'लेअर' लिहिलंय का? कॅल्शियम किती? बनवल्याची तारीख कोणती? दुकानात त्या मालाचा खप किती? तालुक्याच्या दुकानात भराभर खपणारं साधं पोतं हे कोपऱ्यात महिने काढलेल्या नामांकित पोत्यापेक्षा केव्हाही बरं. आणि दिवाळीच्या सुमारास दिवस लहान झाले, पिसं झडू लागली की अंडी आपसूक कमी होतात; तेव्हा खाद्य बदलत बसू नका.

सगळा हिशेब आईला समजावला तेव्हा ती ऐकून म्हणाली, "म्हणजे शिंपल्या गो. माझ्या सासूबाई तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून घालायच्या. मीही घालायचे की!"

"मग थांबवलंस का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "तिसऱ्या बाजारातून तुझे बाबा आणायचे. एकटीसाठी कोण निवडत बसणार?"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तिसऱ्या शिजल्या नाहीत, हे मला पाच हजार फोन कॉलमध्ये कळलं नव्हतं.

लेअर खाद्य सुरू झालं आणि गणपतीपर्यंत कवचं घट्ट झाली. अंडी खाण्याची चटक मोडायला मात्र आईला दिवसातून तीनदा खुराडं तपासावं लागलं. शेजारच्या सुनेचं अंडं पुन्हा सुरू झालं.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आई पाट्याजवळ बसलेली दिसली. समोर शिंपल्यांचा ढीग. देवरुखच्या बाजारात एकटीच जाऊन आली होती. "कोंबड्यांसाठी आणल्या," म्हणाली. मागे चुलीवर टोपात कालवण उकळत होतं.