ठिसूळ हाडांना विश्रांती नको, भार हवा

गोव्यात पेडणे-डिचोलीकडच्या घरांत वडीलधाऱ्या बाईच्या हाडांच्या घनतेचा अहवाल वाईट आला की आधी तिच्या कमरेवरची कळशी काढून घेतली जाते. "आई, आता कसलंच वजन उचलू नकोस, स्वस्थ बस." हे मायेपोटीच म्हटलं जातं. पण ऑस्टिओपोरोसिसने ठिसूळ झालेल्या हाडांचं मोठं नुकसान या स्वस्थ बसण्याने होतं.

हाड जिवंत असतं. जुना भाग खरवडून काढणाऱ्या आणि नवा रचणाऱ्या पेशी त्यात आयुष्यभर कामाला असतात. ज्या हाडावर भार पडतो, स्नायूंची ओढ बसते, तिथे रचणाऱ्या पेशींना चालना मिळते. हाड भारानुसार स्वतःची घडण बदलतं, हे जर्मन शल्यविशारद जुलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. भारच काढून घेतला तर काय होतं, ते अंतराळवीरांत दिसतं. अंतराळात धडधाकट माणसाच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. खाटेवर पडून राहणाऱ्यांची हाडंही अशीच झिजतात. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाईची हाडं आधीच वेगाने विरळ होत असतात. त्यात बसून राहण्याची भर कशाला?

"ठिसूळ हाडांनी वजन उचलायचं नसतं"

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या 'लिफ्टमोर' अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या, ५८ वर्षांवरच्या १०१ महिला होत्या. त्यांतल्या एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगलं जड वजन उचललं. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्के वाढली. घरी हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली.

मात्र हे वाचून कोणी तांदळाच्या पोत्याला हात घालू नये. त्या महिलांना आधी हलक्या भारावर तंत्र शिकवलं होतं आणि प्रत्येक वेळी जाणकार समोर उभा होता. घरी सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने, भिंतीवर तळवे टेकून जोर काढण्याने, टाचा उचलण्याने करावी. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की भार थोडा वाढवावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

"आम्ही जन्मभर शेतात राबलो, वेगळा व्यायाम कशाला?"

या बायकांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही रोजच्या सवयीच्या भाराला हाड फारसं दाद देत नाही. त्याला हळूहळू वाढणारा, निरनिराळ्या दिशांनी येणारा भार लागतो. शिवाय आपल्याकडची बरीच कामं कमरेतून वाकून होतात: लावणी, केर काढणं, काजूच्या दिवसांत बोंडू वेचणं. ठिसूळ मणक्याला हेच वाकणं सर्वांत जड जातं, कारण सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. ती चेपते आणि पाठीला पोक येतं. मणक्यांचं असं चेपणं बहुतेकदा त्या वेळी ध्यानातही येत नाही. तरुणपणापेक्षा उंची चारेक सेंटिमीटरने घटली असेल, तर पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा.

"योगासनं सगळ्यांनाच चांगली"

इथे मी ठामपणे नाही म्हणेन. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८४ मध्ये एक छोटाच, पण बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या रुग्णांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले होते. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के, तर काहीच न करणाऱ्यांत ६७ टक्के होतं. म्हणून ठिसूळ मणक्यांसाठी पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं खोल वाकणं आणि पोटासाठीचे सिट-अप्स बंद. पालथं झोपून छाती हलकेच उचलणं, वृक्षासन भिंतीच्या आधाराने करणं, हे बहुतेकींना चालतं. आपल्याला ऑस्टिओपोरोसिस आहे हे योगशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

धालोच्या मांडावर नाचायला जाणं मात्र सोडू नका. पावलं टाका, कमरेतून खोल वाकू नका. चवथीतली वेगाने गरगर फिरायची किंवा बसून उड्या मारायची फुगडी आता सुना-नातींसाठी ठेवा. त्यांच्या हाडांना त्या उड्या हव्याच आहेत. हाडांची शिदोरी तिशीच्या आतच भरते.

घरकाम करताना गुडघे वाकवा, पार्श्वभाग मागे न्या, पाठ सरळ ठेवा, वस्तू अंगाजवळ धरून उचला. झाडू लांब दांड्याचा घ्या. बोंडू टोकाला खिळा लावलेल्या काठीने उचला.

"चालते ना रोज, मग पुरे"

चालणं हृदयाला उत्तम आहे, हाडांना अपुरं. पोहण्यात पाणीच भार उचलतं, त्यामुळे हाडांना त्याचा फायदा जवळजवळ नाही.

खरी भीती पडण्याची. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडूनच मोडतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायऱ्या, विहिरीचा काठ, न्हाणीघराची वाट सगळं शेवाळाने निसरडं होतं. शेवाळ खरवडून काढा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव रोज करा. व्यायामाने वयस्क माणसांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं.

ऑस्टिओपोरोसिस हा फक्त बायकांचा आजार नाही: पन्नाशीनंतर तीनांपैकी एका स्त्रीचं, तसंच पाचांपैकी एका पुरुषाचंही हाड यामुळे मोडतं. व्यायाम सुरू केला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवू नये. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीतून त्यातलं साडेतीनशेच्या आसपास मिळतं. दूध-दही आणि काट्यांसकट खाल्लेली बारीक मासळी बाकीच्याला हातभार लावते.

म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) जाल तेव्हा केवळ गोळ्या लिहून घेऊन परतू नका. "मी किती वजन, कसं उचलू?" हे डॉक्टरांना विचारा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम प्रत्यक्ष करून शिकून घ्या. घरच्यांनीही सोबत जावं आणि शिकून आलेल्या आईला घरी ते करू द्यावेत.