अर्ज पाचवीत, तयारी तिसरीपासून



मेळघाटातल्या आमच्या अभ्यासिकेत पावसाळा सुरू झाला की पालक एकच विचारत येतात, "बाई, नवोदयचा फॉर्म सुटला का?" फॉर्म सुटतो, भरलाही जातो. तरी आपल्या पाड्यांवरची फार थोडी मुले त्या शाळेपर्यंत पोचतात. मुले हुशार नसतात म्हणून हे होत नाही. अर्ज म्हणजे शेवटच्या आठवड्यात भरायचा कागद, असे आपण धरून चालतो, म्हणून होते. मीही तसेच धरले होते. त्याची किंमत एका मुलाने मोजली. ती गोष्ट आधी सांगते.

अभ्यासिकेच्या पहिल्या वर्षी पाचवीत एक मुलगा होता. गुराख्याचा पोर, पण आकड्यांत पक्का. मुदत संपायला दोन दिवस असताना मी त्याचे कागद मागितले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. ज्या घरांत जन्माचा दाखला नसतो, तिथल्या कितीतरी मुलांची तारीख शाळेत नाव घालताना अशीच १ जून लागते. वर्षही अंदाजाने एक मागे लागले होते. त्या वर्षामुळे तो वयाच्या अटीबाहेर गेला. खरा जन्म उपकेंद्राच्या नोंदवहीत होता, पण ती नोंद काढून दाखला दुरुस्त करायला दोन दिवस पुरतात थोडेच? पुढच्या वर्षी बघू, असेही म्हणता येईना. तेव्हा तो सहावीत गेलेला असणार होता. दोष कुणाला द्यायचा? कागद मी वर्षभर आधी बघायला हवे होते.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. तीच इथे मांडते.

शाळा कोणत्या, जागा किती

आपल्या भागातल्या मुलांसाठी सहावीपासूनच्या दोन निवासी शाळा महत्त्वाच्या आहेत. पहिली जवाहर नवोदय विद्यालय. १९८५-८६ मध्ये देशात प्रायोगिक तत्त्वावर पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्याच अमरावतीत. म्हणजे जिल्ह्याला ही शाळा इतक्या जुन्या काळापासून आहे. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे मोफत. नववीपासून जो विकास निधी घेतात, तोही अनुसूचित जमातीच्या मुलांना आणि सर्व मुलींना माफ असतो.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जमातीच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, पण साडेसात टक्क्यांखाली जात नाहीत. ८० मध्ये ६ हा झाला तळाचा आकडा.

दुसरी एकलव्य आदर्श निवासी शाळा. ही योजना १९९७-९८ पासून खास आदिवासी मुलांसाठी आहे. सहावी ते बारावी, ४८० विद्यार्थ्यांची शाळा, मुले आणि मुली निम्मे निम्मे. हिची चौकशी आपल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. मेळघाटासाठी ते कार्यालय धारणीला आहे.

मी नेहमी दोन्हीकडे अर्ज करायला सांगते. कागद जवळपास तेच, अभ्यासही तोच.

संधी एकदाच

नवोदयच्या सहावीच्या निवड परीक्षेला मुलाला एकदाच बसता येते. ते मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असले पाहिजे. वयाची अट जातीजमातीसाठीही शिथिल होत नाही. नेमक्या तारखा दर वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात.

ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण ग्रामीण शाळेत गेलेली असावी लागतात. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असले, तरी मूल शहरी धरले जाते. आपल्याकडे दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्टीवर किंवा परतवाड्याकडे कामाला जातात आणि होळीला परततात. मूल सोबत गेले आणि कुणी चांगल्या मनाने तिथल्या शाळेत नाव घातले, की ग्रामीण जागा गेली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत नाव गेले, तर जिल्ह्याची अटच मोडते. म्हणून तिसरीपासून पालकांना सांगावे लागते, या तीन वर्षांत पोराला आजीजवळ ठेवा नाहीतर वसतिगृहात ठेवा, पण गावच्या शाळेतले नाव हलवू नका.

चौथीचा उन्हाळा कागदांचा

आता चौथीची परीक्षा झाली की मी प्रत्येक मुलाची एक पिशवी करते. तिच्यात चार गोष्टी असतात.

पहिली, जन्माचा दाखला. नसेल तर ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र इथून सुरुवात.

दुसरी, आधार कार्ड. त्यावरचे नाव, शाळेच्या रजिस्टरातले नाव आणि जन्माच्या दाखल्यावरचे नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघते. कोरकू नावे लिहिताना प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे लिहितो. एकाच मुलीचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे मी पाहिले आहे.

तिसरी, जातीचा दाखला. तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा जुना उतारा, यांपैकी काही शोधावे लागते. हे काम महिन्यांचे आहे. घरात आधी कुणाचा, काकाचा किंवा चुलत भावाचा दाखला निघाला असेल, तर त्याची प्रत घ्या. वाट पुष्कळ सोपी होते.

चौथी, रहिवासाचा पुरावा आणि फोटो.

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला काहीही शुल्क नाही. "फॉर्मचे पैसे" म्हणून कुणी मागत असेल, तर देऊ नका. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र लागते. त्यावर मुलाची आणि पालकांची सहीही असते. म्हणून मुलांना आपली सही एकसारखी करायला आम्ही आधीपासून शिकवतो. अर्ज भरल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, पण ती दुरुस्ती ठरावीक रकान्यांपुरती असते. लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेची भाषा, एवढेच. नाव आणि जन्मतारीख आधीच बरोबर हवी.

परीक्षेत काय असते

दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

निम्मे गुण आकृत्यांना आहेत. ४० प्रश्न, ५० गुण, एक तास. वेगळी आकृती ओळखणे, आरशातली प्रतिमा, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून उघडल्यावर काय दिसेल, असे हे प्रश्न असतात. इथे भाषेची अडचण नाही, म्हणून आपल्या मुलांना इथे सर्वांत मोठा वाव आहे. आम्ही जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालतो, बाभळीच्या काट्याने भोके पाडतो आणि उघडण्याआधी प्रत्येकाला उत्तर सांगायला लावतो. एक छोटा आरसा आणि काड्यापेटीच्या काड्या एवढ्यावर बराचसा भाग हाताने करून बघता येतो. आधी हाताने, मग पुस्तकातून.

अंकगणिताला २० प्रश्न, २५ गुण, अर्धा तास. मुलांना हिशेब येतो, पण प्रश्नाची भाषा अडवते. मी घरचीच उदाहरणे घालते. एका पुड्यात ७० तेंदूपाने, तर ८४० पानांचे पुडे किती? साडेचार किलो मोहफुले, किलोला ४० रुपये, तर हातात किती आले? हे तोंडी जमले, की तेच वाक्य फळ्यावर लिहून वाचायला लावते.

भाषेलाही २० प्रश्न, २५ गुण, अर्धा तास. उतारा वाचायचा आणि उत्तरे द्यायची. आपली मुले इथे मागे पडतात. घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि मराठी फक्त शाळेत. अर्जात परीक्षेची भाषा निवडायची असते. मूल ज्या भाषेत वाचते, तीच निवडावी. आणि वाचनाला दुसरा उपाय नाही. तिसरीपासून रोज एक पान मोठ्याने वाचायचे, मग पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत सांगायचे. सांगताना कोरकूत सांगितले तरी चालते. समजले आहे की नुसते वाचले आहे, हे त्यावरून लगेच कळते.

शेवटचे दोन महिने उत्तरपत्रिकेची सवय. बॉलपेनने गोल पूर्ण भरणे, खाडाखोड न करणे, प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवणे. घड्याळ समोर ठेवून दीड मिनिटाला एक प्रश्न. ज्याने असा कागद कधी पाहिलेला नाही, ते मूल येत असलेले उत्तरही चुकीच्या गोलात भरते.

घर सोडायची तयारी

याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात फारसे नसते. दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडणार असते. नवोदयमध्ये नववीत काही मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या विद्यालयात पाठवतात. हे पालकांना आधीच सांगावे. नंतर कळले तर त्यांना फसवल्यासारखे वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या घरी हे सगळे सांगत बसले होते. वडील गप्प होते. शेवटी म्हणाले, "बाई, पोरगी पास झाली तर आमची राहील का?" मला पटकन उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "दादा, सुट्टीत ती घरीच येणार. तुम्ही तिच्याशी कोरकूत बोलत राहा, ती विसरणार नाही." मग मुलीला विचारले. ती म्हणाली, जाईन, पण होळीला घरी आणा. सुट्टी कधी असेल ते शाळा ठरवते. मी खोटे वचन दिले नाही, तेही तिला सांगितले. तिने थोडा विचार करून मान हलवली.

त्या वर्षी तिला आम्ही आठवड्यातून दोन रात्री वसतिगृहात राहायला बोलावले. स्वतःचे कपडे धुणे, केस विंचरणे, पोट दुखले तर मोठ्या माणसाला सांगणे, हा अभ्यास गणिताइतकाच लागतो. प्रवेश मिळूनही पहिल्या दोन महिन्यांत घरी परत आलेली मुले मी पाहिली आहेत.

त्या मुलीचे नाव नवोदयच्या यादीत आले नाही. यादी पाहून ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. पण पिशवी तयार होती, वाचन झालेले होते आणि एकलव्यचा अर्ज आधीच गेलेला होता. तिथे तिची निवड झाली. आज ती तिथे सातवीत आहे. सुट्टीत आली की अभ्यासिकेत लहान मुलांना कागदाच्या घड्या उघडून दाखवते. तो पहिल्या वर्षीचा मुलगा गावच्या आश्रमशाळेत शिकतो आहे. गणितात अजूनही पक्का आहे. दोघांत हुशारीचा फरक मला तरी दिसत नाही. फरक एका वर्षाच्या कागदांचा आहे.

आपण काय करू शकता

आपल्यापैकी पुष्कळ जण शिक्षक आहेत, काही जण निवृत्त कारकून आहेत, काहींची मुले शहरात संगणकावर काम करतात. पैशांची मदत आपण करताच. या कामात वेळेची मदतही तितकीच मोलाची आहे. उन्हाळ्यात आठ दिवस येऊन चौथीच्या मुलांचे कागद ताडून बघणारा एक माणूस, जुन्या नोंदी शोधायला पालकांबरोबर कचेरीत जाणारा एक माणूस, रोज संध्याकाळी तासभर मुलांचे वाचन ऐकणारा एक माणूस, एवढे एका पाड्याला पुरे होते.

आणि आपल्या ओळखीत तिसरी-चौथीतले मूल असलेले आदिवासी कुटुंब असेल, तर आजच त्यांना एवढे विचारा, "पोराच्या दाखल्यावर जन्मतारीख काय आहे?" उत्तर १ जून आले, तर जन्माची खरी नोंद शोधायला लगेच सुरुवात करा. अजून वेळ आहे.