ठोक्यांची गोळी आणि ट्रेडमिलची परीक्षा

भंडारा जिल्ह्यात नवे धान बाजारात येऊ लागले, की तुमसरच्या अडत्याला घटकाभर बसण्याची सवड उरत नाही. काट्याजवळ उभे राहणे, थप्प्यांमधून फिरणे, गोदामाच्या पायऱ्या चढणे यातच दिवस जातो. अशा गृहस्थाला अनियमित ठोक्यांसाठी गोळी सुरू झाली असेल, तर पडल्या पडल्या काढलेला ईसीजी चांगला आला एवढ्यावर निर्धास्त होणे योग्य नव्हे.

कारण लय सुधारणारे औषधच प्रसंगी लय बिघडवते. हे वैद्यकाला फार मोठी किंमत देऊन कळले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके धोक्याचे असतात, तेव्हा ते दाबले म्हणजे रुग्ण वाचेल, असा समज 1980 च्या दशकात दृढ होता. अमेरिकेत ‘कास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत तो पारखला गेला. ज्यांचे जादा ठोके गोळीने खरोखर कमी झाले होते, अशांपैकी काहींना फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड व इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले. औषधविरहित गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26. वहीत नफा दिसत होता आणि तिजोरी रिकामी होत होती! 1989 मध्ये या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली.

फ्लेकेनाइड आजही दिले जाते. मात्र झटका येऊन गेलेल्यांना किंवा ज्यांचे हृदय दुर्बल आहे त्यांना ते टाळतात. हे औषध हृदयपेशींतील सोडियमच्या दारांना अडसर घालते. ठोके जलद झाले, की अडसर निघण्यास वेळच मिळत नाही आणि विद्युतलहर मंदावते. म्हणून काही दिवस गोळी घेतल्यावर ट्रेडमिलवर चालवून ईसीजी पाहण्याची पद्धत आहे. त्यातील ‘क्यूआरएस’ हा भाग मूळच्यापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक रुंदावला, तर मात्रा कमी करण्याचा वा औषध बंद करण्याचा विचार होतो.

सोटालॉलची तऱ्हा नेमकी उलट. त्याचा धोका हृदय मंद चालताना वाढतो. ईसीजीतील ‘क्यूटी’ अंतर लांबते. तेथे ट्रेडमिलचा उत्तम अहवाल फारसा दिलासा देत नाही. विश्रांतीतील ईसीजी, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम हेच पाहावे लागते.

पर्युषणातील अठ्ठाईचा प्रश्न येथेच येतो. केवळ दिवसा उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस काढताना शरीरातील पाणी व क्षार घटू शकतात; त्यात उलट्या-जुलाब झाले तर अधिकच. क्षार घटले की क्यूटी लांबवणारे औषध जास्त घातक ठरते, आणि पाणी कमी पडून मूत्रपिंड मंदावले तर सोटालॉल अंगात साचते. तेव्हा पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गोळी परस्पर बंद करणे किंवा पारण्याला राहिलेल्या गोळ्या एकदम घेणे, दोन्ही धोक्याचेच. काही प्रतिजैविकेही क्यूटी लांबवतात, म्हणून सर्दी-खोकल्यासाठी गेलो तरी ही गोळी चालू असल्याचे सांगावे.

तपासणीसाठी नागपूरला जाताना गोळी सुरू होण्यापूर्वीचा ईसीजी जवळ असावा. घरोघरी नेमका तोच कागद हरवलेला असतो, आणि त्याच्यावाचून पट्टी रुंदावली की नाही, हे डॉक्टरांनी कशाशी ताडून पाहायचे?