जुमो २०५: सिलिंडर हेड नसलेले विमान इंजिन

जर्मनीच्या युंकर्स कंपनीच्या जुमो २०५ या १९३० च्या दशकातील डिझेल विमान इंजिनाला सिलिंडर हेडच नव्हते, झडपाही नव्हत्या. सहा सिलिंडर, बारा पिस्टन. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावत आणि ते जवळ आले की मध्ये उरणारी चपटी पोकळी हाच ज्वलनकक्ष. हेडमधून वाया जाणारी उष्णता त्यामुळे वाचे.

डिझेलची खरी अडचण इंधन क्षणार्धात हवेत मिसळण्याची. म्हणून सिलिंडरच्या एका टोकाला भिंतीतली हवा आत घेणारी भोके तिरकी कापलेली होती. रवीने ताक घुसळावे तशी हवा आत गरगरे आणि चार नोझलमधून उडालेले इंधन तिच्यात विखुरले जाई. जळके वायू दुसऱ्या टोकाच्या भोकांतून बाहेर पडत. तिथला पिस्टन सतत भाजून निघे. या देखण्या रचनेचे दुखणे ते हेच.