महाळुंगाच्या साखरफोडी : खाऊ की औषध?

मातुलुंग म्हणजेच महाळुंग हे वैद्यांच्या परिचयाचे फळ. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात त्याची त्वचा तिक्त, कटू, स्निग्ध व वातघ्न. मांसल भाग मधुर, गुरू व बृंहण. तर केसर लघू, असे निरनिराळे गुण सांगितले आहेत. या जाड सालीच्या साखरफोडी घरी सहज करता येतात.

साल धुऊन बोटभर लांबीच्या फोडी कराव्यात. त्या पाण्यात 10 मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे. असे 3 वेळा करावे. मग फोडींच्या वजनाइतकी साखर व साखरेच्या निम्मे पाणी घेऊन स्टीलच्या पातेल्यात मंदाग्नीवर फोडी पारदर्शक होईपर्यंत शिजवाव्यात. बिनकल्हईचे पितळी भांडे वर्ज्य. चाळणीवर निथळून, पातळ फडक्याखाली 2-3 दिवस वाळवून कोरड्या बरणीत भराव्यात.

मात्र टाकलेल्या पाण्याबरोबर तिक्त रसाचा मोठा अंश जातो व त्याची जागा साखर घेते. म्हणून त्वचेचे शास्त्रोक्त गुण या फोडींना लावता येत नाहीत. आम्ही पूर्वी त्या ‘पाचक’ म्हणून रुग्णांना देत असू. एक मधुमेही आजोबा ‘वैद्यांनी दिल्या’ म्हणून रोज जेवणानंतर खात राहिले. तपासणीत रक्तशर्करा वाढलेली आढळली, तेव्हा आमची चूक उमगली. आता आमच्या बरणीवर ‘साखरयुक्त खाऊ’ अशी चिठ्ठी आहे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही असे पदार्थ औषधांच्या फडताळात ठेवू नयेत. आपल्या हातचा खाऊही रुग्ण औषध म्हणूनच घेतो, याचा विसर पडू नये.