आवडीनिवडींचे दैनंदिन लेखन : प्रश्नाची घडण आणि उत्तराचा खरेपणा

प्रास्ताविक

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या माहितीपत्रकात बहुधा ‘छंद’ असा एक रकाना असतो. शिक्षक-पालक योजनेच्या नोंदवहीत तो पुन्हा भेटतो आणि पदवीनंतर नोकरीसाठी केलेल्या बायोडेटातही टिकून राहतो. त्यातील उत्तरेही ठरलेली असतात : वाचन, संगीत ऐकणे, प्रवास, क्रिकेट. पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक न उघडलेला विद्यार्थीही तेथे ‘वाचन’ लिहितो. त्याला खोटारडा ठरविण्याचे कारण नाही. ‘माझा आवडता पक्षी’, ‘माझा आवडता ऋतू’, ‘माझा आवडता छंद’ हे निबंध मार्गदर्शकातून पाठ करतच तो येथवर आलेला असतो. आवड विचारली की मान्यताप्राप्त उत्तर द्यायचे, हे त्याला शाळेनेच शिकविलेले आहे.

विद्यार्थ्यांनी रोज एका लहानशा प्रश्नाच्या आधारे आपल्या आवडीनिवडी लिहाव्यात व परस्परांना वाचून दाखवाव्यात, असा उपक्रम भाषेच्या वर्गात करता येतो. तो रंजक ठरेल की पुन्हा ‘वाचन, संगीत, प्रवास’ येथेच थांबेल, हे प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

प्रश्नवहीची परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ‘कन्फेशन अल्बम’ नावाच्या वह्यांची प्रथा रूढ झाली. आवडता रंग, आवडते फूल, आवडता कवी, सुखाची कल्पना असे प्रश्न त्यात असत आणि स्नेही मंडळींकडून ते भरून घेतले जात. १८६५ मध्ये कार्ल मार्क्स यांनी आपल्या मुलींच्या आग्रहावरून अशी उत्तरे लिहिली. आवडता रंग तांबडा, हे उत्तर कोणीही अगोदरच सांगितले असते. पण आवडत्या नायकांत त्यांनी स्पार्टाकसच्या शेजारी केप्लर या खगोलशास्त्रज्ञाला बसविले, हे सहजी सुचणारे नव्हे. १८६८ मध्ये फ्रेडरिक एंगल्स यांनी सुखाची कल्पना म्हणून १८४८ सालच्या शातो मार्गो या मद्याचे नाव लिहिले आणि दुःखाची कल्पना म्हणून दंतवैद्याकडे जाणे सांगितले. युरोपातील क्रांत्यांचे वर्ष मद्याच्या बाटलीवर आणून ठेवण्यातील मिस्कीलपणा त्यांच्या कोणत्याही चरित्रकाराला हेवा वाटावा असा आहे.

मार्सेल प्रूस्त यांचे उदाहरण अधिक बोधक आहे. त्यांनी अशी प्रश्नावली दोनदा भरली. एकदा १८८६-८७ च्या सुमारास किशोरवयात आणि पुन्हा १८९० च्या आसपास. पहिल्या वेळी आवडत्या रंगाच्या प्रश्नावर त्यांनी सर्वच रंग आवडतात असे सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या वेळी सौंदर्य रंगांत नसून त्यांच्या मेळात असते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. प्रश्न तोच राहिला. उत्तर देणारा मात्र विचार करू लागला होता. पहिले उत्तर हाती असल्यामुळेच ही वाढ दिसते. एकदाच भरून घेतलेल्या रकान्यात ती दिसण्याची सोय नसते. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या अखेरीस निरोपसमारंभांच्या दिवसांत फिरणारी स्लॅम बुक हे याच वहीचे दूरचे भावंड. तीही एकदाच भरली जाई.

‘छंद’ हा शब्द आणि त्यामागील गृहीतक

संस्कृतात ‘छंद’ म्हणजे इच्छा, आवड. मराठीत मूल छंद घेते तेव्हा ते हट्टाला पेटलेले असते. ‘छंद’, ‘नाद’, ‘वेड’, ‘व्यसन’ या उतरंडीत आवडीची तीव्रता वाढत जाते आणि प्रतिष्ठा घटत जाते. माहितीपत्रकातील ‘छंद’ मात्र इंग्रजी ‘हॉबी’चा प्रतिशब्द आहे, आणि ‘हॉबी’ फावला वेळ गृहीत धरते. सकाळी दुधाचा रतीब घालून, दुपारी तासिका करून, संध्याकाळी दुकानात उभा राहणारा विद्यार्थी या रकान्यापुढे अडतो. घरी परतताच स्वयंपाकाला लागणारी विद्यार्थिनीही अडते. आपल्याला छंद नाही, म्हणजे काहीतरी उणे आहे, असे त्यांना वाटते आणि मग ‘वाचन’ मदतीला धावते. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात अभिरुची वर्गस्थितीशी कशी जोडलेली असते, हे दाखविले. मिश्र आर्थिक स्तरांच्या वर्गात ‘तुमचे आवडते पर्यटनस्थळ कोणते?’ असे विचारणे म्हणजे नकळत उत्पन्नाचा दाखला मागणेच होय. ही बाब शिक्षकांच्या ध्यानी येत नाही, कारण प्रश्न वरकरणी निरुपद्रवी असतो.

प्रश्न कसा असावा

अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी न्यूयॉर्कमधील एका शाळेतील मुलांना प्रत्येक ओळ ‘मला वाटते की असे व्हावे’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू करावयास सांगितले आणि ओळीत एखादा रंग, एखादे शहर आणावे असे सुचविले. हा अनुभव त्यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात मांडला. जो ब्रेनार्ड यांनी त्याच वर्षी ‘मला आठवते’ एवढ्याच आरंभावर एक अख्खे पुस्तक उभे केले. पुढे १९७८ मध्ये फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांनी तीच रीत स्वीकारून ४८० आठवणी नोंदविल्या. या रीतींत सर्वांत आवडते काय, हे ठरविण्याचा भार लिहिणाऱ्यावर नसतो. ‘सर्वांत’ हा शब्द गेला की तुलना संपते आणि तपशील येऊ लागतो. मराठीत अनिल अवचट यांचे ‘छंदांविषयी’ हे पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ओरिगामी, बासरी, लाकडातील कोरीवकाम यांविषयी लिहिताना हात कसे चालतात, कोठे अडतात, याकडे त्यांचे लक्ष असते.

म्हणून ‘आवडता पदार्थ कोणता?’ यापेक्षा ‘भाकरीबरोबर काय असले की जेवण झाल्यासारखे वाटते?’ हा प्रश्न बरा. ‘छंद कोणता?’ याऐवजी ‘कोणते काम करताना हात आपोआप चालतात?’ असे विचारले, तर चुलीपुढील विद्यार्थिनी आणि पंक्चर काढणारा विद्यार्थी दोघांनाही सांगण्यासारखे काही असते. ‘घरातील कोणती वस्तू टाकून द्यावयास सांगितल्यास तुम्ही भांडाल?’ या प्रश्नाला निबंधमालेत उत्तर सापडत नाही. असे प्रश्न रोज एक याप्रमाणे दिल्यास पहिल्या काही दिवसांत साठवणीतली उत्तरे संपतात. त्यानंतर आजूबाजूला पाहूनच लिहावे लागते.

काही पथ्ये पाळणे मात्र अगत्याचे आहे. तासिकेच्या आरंभीची पाच-सात मिनिटे पुरेशी असतात आणि शिक्षकानेही त्या वेळी लिहावे. वाचून न दाखविण्याची मुभा प्रत्येकाला असावी. आवड सांगणे म्हणजे थोडेसे उघडे पडणेच असते, आणि वर्गातील हशा ते विसरू देत नाही. या नोंदी अंतर्गत मूल्यमापनाला जोडू नयेत. गुणांची शक्यता दिसताच विद्यार्थी परीक्षकाच्या आवडी लिहू लागतो. नोंदवहीतील ‘छंद’ हा रकाना सत्रारंभी भरून न घेता अशा दहा-पंधरा नोंदींनंतर विद्यार्थ्याशी बोलून भरावा. त्यासाठी अर्ध्या ओळीपेक्षा अधिक जागा सोडावी लागेल.